चार उपास आणि उजवा डोळा

१ जुलै २००२, सोमवार. सकाळी साडेसहा

ठक्. ठक्-ठक्. ठक्.

आज जाग आली ती या आवाजाने. श्रीपाद गुरुजी टेबलावर डस्टर आपटून ठेका धरायचे आणि चौथीची आम्ही चाळीस पोरं बाकांमागे उभी राहून एका दमात कविता म्हणायचो. डस्टरमधून खडूची धूळ उडायची. शेजारच्या देवळातले म्हातारे जप थांबवून ऐकायचे. ब्राह्मणपाऱ्यातली ती शाळा केव्हाच गेली, तिथे आता टाइल्सचं दुकान आहे. आवाज तेवढा माझ्याकडे राहिला.

उठून कवितांची वही काढली. शाळेत असताना मीच बारीक पेन्सिलीने उतरवलेली, आता फिकट झालेली, एकशे बारा कविता. पान उघडलं तर दुधात मुंग्या पडाव्या तशी अक्षरं. उजव्या डोळ्याने पाहिलं तर नुसतंच दूध.

मोतीबिंदू आहे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, काढायला वेळ लागत नाही, पण शुगर दोनशे अडुसष्ट आहे. इतक्या शुगरवर मी डोळ्याला हात लावणार नाही, दीडशेच्या खाली आणा. तारीख दिली ३० ऑगस्ट.

घाई काहून, ते इथे लिहून ठेवतो. नदीकाठच्या वडाची एक कविता आहे, अठरा कडव्यांची. सोळा मला पाठ आहेत. शेवटची दोन डोक्यातून गेली. गुरुजी नाहीत, ते पुस्तक कुठे मिळत नाही, चाळिसांतलं कोण कुठे आहे पत्ता नाही. ती दोन कडवी आता फक्त या वहीत आहेत, आणि वही मला वाचता येत नाही.

दुपारी

शुगरवाल्या डॉक्टरकडे जाऊन आलो. राधिका नाव. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात माझी जितकी नोकरी झाली तितकंही तिचं वय नसेल. भात अर्धा करा, गोड बंद, रोज अर्धा तास चाला. गोळी दोन वेळा, जेवणासोबत, एकही चुकवायची नाही. मी तिला मूळ कारण सांगितलं. नोव्हेंबर २००० मध्ये आमचं रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि त्याच महिन्यात माझी शुगर निघाली. त्याआधी आमच्या सात पिढ्यांत कोणाला नव्हती. तिने विचारलं, सात पिढ्यांपैकी तपासली किती जणांनी? उद्धट आहे.

निश्चय: ३० ऑगस्टपर्यंत १४०. वरचे दहा मी आपल्याकडून सोडले.

३ जुलै, बुधवार

चालणं सुरू. सोबत शेजारचे अनंतराव, वीज मंडळातून रिटायर. त्यांनाही शुगर आहे पण ते त्याबद्दल बोलत नाहीत, नुसते चालतात. शंभर पावलांवर रस्ता खोदलेला. राजधानीचे पाइप टाकून राहिले. तेवढ्यात लाल दिव्याची गाडी आली आणि एका शिपायाने आम्हाला मातीच्या ढिगावर चढवलं. मी त्याला विचारलं, या शहरात तू आधी आला का मी? वीस मिनिटं भांडलो. अनंतराव तोवर पुढे जाऊन परतही आले.

भांडण उभ्याने झालं. वीस मिनिटं ती आणि दहा येण्याजाण्याची. अर्धा तास पूर्ण.

५ जुलै, शुक्रवार

सुशीलाने आजपासून भात छोट्या वाटीने मोजून वाढला. ताटात भात नव्हता, भाताची आठवण होती. जिथे पोट्टं जन्मलं की पहिला घास भाताचा, त्या मुलखात राहून मी पोळ्या मोजायच्या. रागाने ताटावरून उठलो. हात धुताना भुजंगप्रयातात ओळ आली:

मला भात वाढा, मला भात वाढा.

चार यगण, एक मात्रा हलत नाही. गुरुजींनी पाठीवर थाप दिली असती. सुशीलाला म्हणून दाखवली. ती म्हणाली, वृत्त बरोबर आहे, भात मिळणार नाही.

८ जुलै, सोमवार. दुपार

सापडलं. इतके दिवस कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही याचंच आश्चर्य.

माझी आई आठवड्यात चार उपास करायची. सोमवार, गुरुवार, शनिवार, आणि एकादशी किंवा चतुर्थी जी येईल ती. त्र्याऐंशी वर्षांची होऊन गेली, गाठोड्यात एक गोळी नव्हती. उपास सोडला आणि ही पिढी शुगरने मेली. आजपासून मीही चार उपास. भाताचा कण पोटात जाणार नाही. डॉक्टरीण अर्धा म्हणते, मी पुरता बंद करून दाखवतो.

गोळीचा प्रश्न आला. पुडीवर स्पष्ट लिहिलं आहे, जेवणासोबत. उपासाला जेवण नसतं. म्हणजे गोळी नाही. पार्सल ऑफिसात बत्तीस वर्षं मी नियम वाचून काम केलं, मला कोणी शिकवू नये.

११ जुलै, गुरुवार

उपास. सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी खिचडी, उकडलेला बटाटा, दही. चारला दोन केळी. संध्याकाळी रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू तीन. (लाडू गुळाचे. साखर बंद आहे.)

अंग हलकं वाटलं. मनही. वडाच्या कवितेची सोळा कडवी म्हटली. सोळाव्यात किंचित अडलो, पण ते दुपारच्या झोपेमुळे.

सुशीला परात घासताना पुटपुटली, "काहून जी, उपास आहे म्हणता न् रोजच्या दुप्पट खाऊन राहिले." श्रद्धा नसलेल्या माणसाशी वाद घालत नाही.

१६ जुलै, मंगळवार

फार तहान लागते. रात्री तीनदा, चारदा लघवीला उठावं लागतं. स्पष्ट आहे: उपासाने आतली साखर सुटी होऊन बाहेर पडून राहिली. ही गोष्ट डॉक्टरांच्या पुस्तकात नाही.

चालणं तात्पुरतं बंद. उपाशी माणसाने चालू नये.

२० जुलै, शनिवार. आषाढी एकादशी

शनिवार आणि एकादशी एकाच दिवशी. एका उपासात दोन उपास. म्हणून फराळ दोन्हींचा केला.

२२ जुलै, सोमवार

लॅबचा रिपोर्ट. तीनशे एक.

तीनशे एक. दोन आठवडे भाताकडे पाहिलं नाही आणि तीनशे एक. लॅबमध्ये गेलो, रिपोर्ट तिथल्या पोराच्या टेबलावर ठेवला, म्हटलं हे माझं रक्त नाही. तो पोरगा म्हणाला, अंकल, सुई तो आपको ही लगाई थी. त्याच्या मशिनवर राजधानीची धूळ बसली असणार. दुसऱ्या लॅबमध्ये गेलो. तीनशे सात. दोन्ही लॅबचे मालक एकमेकांचे साडू आहेत की काय ते पाहायला हवं.

सुशीला म्हणाली, डॉक्टरला उपासाचं सांगून या. मी म्हटलं, निकाल आल्यावर सांगू. प्रयोग अर्ध्यात कोणी उघड करत नाही.

२५ जुलै, गुरुवार

आज लॅबवर नाही, नातीवर चिडलो. स्नेहल तेरा वर्षांची. तिचे आईबाप नोकरीवर, पोट्टी शाळेतून येते ती माझ्याजवळच बसते. म्हटलं, आजोबांना एवढी दोन कडवी वाचून दे. वही हातात दिली. पहिल्याच ओळीत तिने काळी ला काली म्हटलं. मी थांबवलं. जीभ मागे वळव, ळ. पुढच्या शब्दाला डोळा चा डोला केला. पुन्हा थांबवलं. तिसऱ्या ओळीपर्यंत सहा वेळा थांबवलं असेल. तिने वही माझ्या मांडीवर ठेवली.

"दादाजी, आपको कविता सुननी है कि मेरी गलती निकालनी है? आप ही पढ़ लो ना."

मला दादाजी म्हणते. आजोबा शब्द येतो तिला. मी म्हटलं, माझे डोळे नीट झाले की मीच वाचीन. ती टीव्ही लावून बसली.

माझे डोळे नीट होतील. ३० ऑगस्ट.

६ ऑगस्ट, मंगळवार

वही जवळ धरून बघतो. आता डाव्या डोळ्यानेही ओळी वाकड्या दिसतात. आणि एक काळा धागा तरंगतो, नजर नेली की सोबत सरकतो. चष्म्याची काच घासली गेली आहे. दुकानदाराने फसवलं. जाऊन बोलणार आहे.

१२ ऑगस्ट, सोमवार. श्रावणातला पहिला

परवा डॉक्टरीण शुगर पाहणार. या वेळी जरा कडक करायचं ठरवलं. आज आणि उद्या फक्त काकडी आणि ताक. साबुदाणा नाही. गोळ्या दोन्ही वेळा. (ताकाला जेवण मानलं.) परीक्षेच्या आधीचे दोन दिवस मी नेहमी असाच अभ्यास करायचो आणि नेहमी पास व्हायचो.

१४ ऑगस्ट, बुधवार. दुपारी बारा

एकशे सेहेचाळीस.

पुन्हा लिहितो. एकशे सेहेचाळीस. उपासाने होतं. सिद्ध झालं. अनंतरावांच्या घरी जाऊन रिपोर्ट दाखवला. त्यांनी वाचला, चांगलं आहे म्हणाले आणि चालायला निघून गेले. हेवा माणसाला बोलू देत नाही.

डॉक्टरीण मात्र खूश झाली नाही. म्हणाली, काका, मागच्या वेळी तीनशे आणि आज एकशे सेहेचाळीस, असं एकदम होत नाही. रक्ताची आणखी एक तपासणी लिहून दिली. त्यात मागच्या तीन महिन्यांची सरासरी कळते म्हणे. मी म्हटलं खुशाल करा.

१७ ऑगस्ट, शनिवार

गोल बाजारात साबुदाणा घ्यायला गेलो. किराणावाला शेठ म्हणाला, काका, महिनाभरापासून पाहून राहिलो, घरी लग्न आहे काय? तेव्हा मग सांगितलं. खिशातून १४६ चा रिपोर्ट काढून काउंटरवर पसरला. चार उपास, भात बंद, उपासाच्या दिवशी गोळी बंद. माणसं जमली. शेठची तागडी हातात तशीच थांबली. कोणी विचारलं, डॉक्टर काय म्हणतो? मी म्हटलं, डॉक्टरांना आपला धंदा आहे. अर्धा तास बोललो. हिंदीत बोललो पण शेवटी आवेशात मराठी आली आणि तरी कोणी हललं नाही. एका माणसाने तर कागदावर लिहून घेतलं.

कितीतरी वर्षांनी कोणी माझं पूर्ण ऐकून घेतलं. शाळेत एकदा वडाची कविता एकट्याने म्हटली होती, त्या दिवशी असंच वाटलं होतं.

शेठने जाताना सांगितलं की साबुदाण्याची आणखी पोती मागवतो.

२३ ऑगस्ट, शुक्रवार. संध्याकाळ

तीन महिन्यांवाल्या तपासणीचा निकाल: ११.४. सातच्या आत हवा.

मी म्हटलं चूक आहे, १४६ पाहा. राधिकाने सांगितलं ते असं: रोजची शुगर म्हणजे त्या सकाळचा फोटो, दोन दिवस तयारी करून फोटोत चांगलं दिसता येतं. ही तपासणी रक्तात तीन महिने चिकटून राहिलेली साखर मोजते. तिच्यापुढे दोन दिवसांचा अभ्यास चालत नाही.

म्हणजे रक्त चहाडखोर आहे. तिला म्हटलंही.

मग तिने विचारलं, खाता काय? मी छाती पुढे करून सगळा उपास सांगितला. ती लिहिता लिहिता थांबली. चिडली नाही याचाच जास्त राग आला. म्हणाली, "काका, साबुदाणा म्हणजे नुसतं पिष्ट. भातापेक्षा लवकर साखर होतो. बटाटा, रताळं, केळी, गूळ, सगळं तेच. तुम्ही महिनाभर उपास नाही केला, महिनाभर साखर खाल्ली."

मी म्हटलं, शास्त्रात साबुदाणा चालतो. ती म्हणाली, शास्त्रात चालत असेल, तुमच्या रक्तात नाही चालत. उपास करायचाच तर विचारून करा, पण गोळी त्या दिवशीही लागते. मी नियमाकडे बोट दाखवलं: जेवणासोबत. त्यावर सुशीलाने पिशवीतून बिस्किटाचा डबा काढला आणि टेबलावर उपडा केला. न घेतलेल्या गोळ्यांची पानं. सगळी जपून ठेवलेली. मला पत्ता नव्हता.

"डॉक्टरीणबाई, मी यायले रोज देत होती. हे रोज मले नियम सांगत होते."

पस्तीस वर्षांच्या संसारात बाहेरच्या माणसासमोर माझ्याविरुद्ध साक्ष दिली. रस्त्याने मी तिच्या दहा पावलं पुढे चाललो.

२४ ऑगस्ट, शनिवार

उपास होता. केला नाही. केला असता तरी कोणाला काय? रागाने दोन पोळ्या, पालक, डाळ, मुठीएवढा भात खाल्ला. गोळी घेतली. मानलं म्हणून नव्हे. डब्यात पडून खराब होतील म्हणून.

तहान आज कमी होती. हवा पालटली असावी.

२७ ऑगस्ट, मंगळवार

डोळ्यांचे डॉक्टर. ऑपरेशन ३० ला नाही. केव्हा, ते पक्कं सांगत नाहीत. डिसेंबरात पाहू म्हणाले, शुगर कशी राहते त्यावर.

मी भांडायची तयारी करून गेलो होतो. चार मुद्दे लिहून नेले होते. पण त्यांनी डाव्या डोळ्यात थेंब टाकले, अंधारात बसवलं, आणि बराच वेळ दुर्बिणीतून पाहत राहिले. मग म्हणाले, धागा कधीपासून दिसतो? मी चष्म्याच्या दुकानदाराचं सांगायला लागलो. ते म्हणाले, चष्म्याचं नाही ते. आत बारीक रक्तवाहिन्या फुटल्या आहेत, रक्ताचे ठिपके आहेत. शुगरने. लेझर करावं लागेल. आहे तेवढी नजर टिकवू, गेलेली सगळी परत येईल असं सांगत नाही.

उजव्या डोळ्याची तारीख मोजत होतो. हा डावा, ज्याच्याबद्दल माझी काही तक्रारच नव्हती.

चार मुद्द्यांचा कागद खिशातच राहिला. थेंबांमुळे परत येताना उन्हात काही दिसत नव्हतं. सुशीलाने दंड धरला. खोदलेल्या रस्त्यावर ती सांगत गेली, इथे खड्डा आहे जी, पाय उचला. मी उचलत गेलो.

३० ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी अकरा

आज ऑपरेशन असतं.

सकाळी अनंतरावांसोबत चाललो. अर्धा तास, घड्याळ लावून. ते आपणहून बोलले. त्यांच्या मोठ्या भावाचा पाय शुगरने गेला, तेव्हापासून ते चालतात. नऊ वर्षं झाली, एक दिवस चुकवला नाही. मी विचारलं, आधी काहून सांगितलं नाही? म्हणाले, तुम्ही बोलत होते.

कोणावर रागवावं ते शोधून राहिलो. लॅब, राजधानी, साबुदाणा, सुशीला. एकेकाकडे पाहिलं. कोणावर टिकत नाही.

सव्वाअकरा

बेल वाजली. सुशीलाने दार उघडलं. कोणी अनोळखी माणूस आणि बाई, हिंदीत बोलून राहिले. स्टेशनपलीकडच्या गुढियारीहून आलेत. माणूस पन्नाशीचा, नाव धर्मपाल. मालधक्क्यावर हमाली करतो. सोबत बायको, कमला. तिच्या हातात साबुदाण्याची मोठी पिशवी आहे, ती मला इथून दिसते.

गोल बाजारच्या शेठने पत्ता दिला म्हणे. ते उपासवाले काका इथेच राहतात ना?

मी आतल्या खोलीत आहे. दार ओढून घेतलं आहे, बोटभर फट ठेवून. लिहून राहिलो म्हणजे कामात आहे असं वाटेल.

त्या माणसाने शेठच्या दुकानातून कोणीतरी लिहून घेतलेला कागद आणला आहे. कमला तो सुशीलाला वाचून दाखवते. चार उपास. भात बंद. गोळी बंद. शब्द माझेच, क्रमही माझाच. मग कमला म्हणाली, "दीदी, ये तो हफ्ते भर से रोज उपास कर रहे हैं. गोली सरकारी अस्पताल से मिलती थी, वो लेना भी छोड़ दिया. कल से इनको धुँधला दिखता है. काकाजी से पूछना था, ये अच्छा लक्षण है ना?"

सुशीला आत आली. दार लोटलं नाही, उघडं टाकलं. मी हळू म्हटलं, सांग की घरी नाहीत. ती म्हणाली, त्यायनं तुमचा खोकला ऐकला.

मग म्हणाली, "डॉक्टरीणबाईचा कागद घ्या सोबत. न् आधी आपली शुगर किती निघाली ते सांगा. एकशे सेहेचाळीसवाली नाही, दुसरी."

तिने माझ्या हातातून पेन घेतलं नाही. उभी आहे. बाहेर तो माणूस बायकोला विचारतो, काकाजी आ रहे हैं क्या? बायको म्हणते, हव, आ रहे हैं.